दीड मिनिटाची नोंद

ताई,

उदगीरजवळ, तुमच्या भावाच्या शेतात तुम्हाला समाधी दिली त्याला आज नऊ दिवस झाले. मी देगलूरमार्गे आलो. वाटेत रस्त्याचं काम चालू होतं, पोचायला उशीर झाला. बांधावरून उतरलो तेव्हा तुम्हाला आत बसवून झालं होतं आणि स्वामी तुमच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवत होते. आमच्यात माणसाला आडवं नेतात, मला आडव्या माणसाचा निरोप घ्यायची सवय आहे. तुम्ही बसलेल्या होता, मान जरा पुढं झुकलेली, ग्रंथालयात टेबलामागं बसायच्या तशाच. मी हात जोडून बांधाशीच उभा राहिलो.

सगळं झाल्यावर तुमच्या भावानं विचारलं, "डॉक्टर लोकांतलं कुणी बोलतंय का दोन शब्द?" आम्ही अकराजण आलो होतो. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण त्यांच्यात तुम्हाला सगळ्यात आधीपासून ओळखणारा मी. मी मानेनंच नाही म्हटलं. शेवटी रेणापूरचे विश्वनाथ बोलले. ते काय बोलले ते तुम्हाला सांगायचंच आहे, पण त्याआधी मला जे तिथं बोलता आलं नाही ते बोलू द्या.

तुम्ही डॉक्टर नव्हता. नांदेडला आमच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात तुम्ही ग्रंथपाल. आम्ही पोरं तुम्हाला घाबरायचो. पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला की तुम्ही सगळ्यांसमोर तो बोटानं सरळ करायच्या, करताना काही बोलायच्या नाहीत, आणि तेच जास्त लागायचं. पास झालो, बिलोली तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात दवाखाना टाकला, आणि पंधरा-सोळा वर्षं तुमचं नावही काढलं नाही. खरं सांगतो, ताई. तुमची आठवण येण्यासारखं माझ्या दिवसात काहीच नव्हतं.

मग कोरोना आला.

माझं गाव तुम्ही पाहिलेलं आहे. मांजरा नदी ओलांडली की तेलंगण. दोन्हीकडचे पेशंट माझ्याकडं यायचे, ताप घेऊन, खोकला घेऊन, आणि काही नसताना नुसती भीती घेऊन. सकाळी फोन हातात घेतला की त्यावर तीस-चाळीस निरोप. कुणी म्हणे ही गोळी द्या, कुणी म्हणे तीच गोळी मारते. वाफ घ्या, वाफ घेऊ नका. सरकारी पत्र यायचं ते कधी तालुक्याला, कधी मला, आणि येईपर्यंत दुसरं पत्र निघालेलं असायचं. मी बाहेर पांढरा डगला घालून बसायचो आणि आत मला काही कळत नसायचं. पेशंट मला विचारायचे. मी कुणाला विचारणार?

तेव्हा एका दुपारी तुमचा फोन आला.

"दिगंबर ना? मी महानंदा, लायब्ररीतली. काय करून राहिलास?"

"काय करणार मॅडम. अंदाजपंचे चाललंय."

"तुला नेमकं काय माहीत न्हाई ते सांग. मी लिहून घेते."

त्या सगळ्या महिन्यांत हा प्रश्न मला फक्त तुम्ही विचारला. बाकी सगळे मला सांगायचे. पण तेव्हा मला त्याची किंमत कळली नाही. मनात म्हटलं, पुस्तकांवर शिक्के मारणारी बाई मला काय शिकवणार. तरी चार प्रश्न सांगितले, थोडे परीक्षा घेतल्यासारखे. तुम्ही म्हणालात, "उद्या दुपारी एकला फोन करते," आणि ठेवलात.

दुसऱ्या दिवशी बरोबर एकला फोन वाजला. चारपैकी दोन प्रश्नांची उत्तरं होती, कुठून घेतली तेही होतं. तिसऱ्याबद्दल तुम्ही म्हणालात, "हे कच्चं आहे. दोघं हो म्हणतात, दोघं नाही म्हणतात." आणि चौथ्याबद्दल म्हणालात, "हे अजून कुणालाच माहीत नाही, दिगंबर. तुला एकट्यालाच माहीत नाही असं समजू नको."

त्या वाक्यानं माझ्या छातीवरचं ओझं किती हलकं झालं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी नुसतं "बरं" म्हणालो होतो.

कॉलेजात पोरं नव्हती, ग्रंथालय रिकामं होतं. सकाळची पूजा आटोपली की तुम्ही विष्णुपुरीच्या घरातून निघायच्या, रिकाम्या हॉलमध्ये एकट्या बसून वाचायच्या. जिथं वाचून कळायचं नाही तिथं वॉर्डाच्या दाराशी उभं राहून आत काम करणाऱ्या डॉक्टरांना विचारायच्या. ते बाहेर यायचे तेव्हा घामानं निथळत असायचे. त्यांना दोन मिनिटांहून जास्त थांबवायचं नाही म्हणून तुम्ही प्रश्न आधी कागदावर लिहून न्यायच्या. हे मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत, त्यांतल्याच एकानं पुढं सांगितलं.

माझ्यानंतर तुम्ही देगलूरच्या दोघांना फोन लावला, मग उदगीर, मग रेणापूर. जुन्या विद्यार्थ्यांची वही काढून एकेक नाव. त्यांनी आपापल्या ओळखीचे जोडले, आयुर्वेदवाले, होमिओपॅथीवाले, सरकारी केंद्रातले. एकेकाला फोन करणं जमेना तेव्हा तुम्ही फोनवर सगळ्यांचा एक ग्रुप करून त्यावर आवाजाची नोंद पाठवायला लागलात. रोज एकला. आज काय आलं, कुठून आलं, पक्कं की कच्चं. उपचार तुम्ही कधी सांगितला नाहीत. "मी वाचून सांगते, ठरवायचं तुम्ही," हे प्रत्येक नोंदीच्या शेवटी असायचंच. मॅडमच्या ताई कधी झालात ते आठवत नाही.

आणि तो दिवस. मलेरियाची ती गोळी आम्ही सगळे डॉक्टर घेत होतो, आजार होऊ नये म्हणून. तुम्हीच पक्कं म्हणून सांगितलं होतं. मग एका दुपारी नोंद आली. "मी पक्कं म्हणाले होते ते कच्चं निघालं. सरकारी पत्र आलं होतं म्हणून मी तसं म्हणाले. पत्र पक्कं होतं, गोळी नव्हती. माझी चूक झाली, माफ करा." डॉक्टरकीत एवढी वर्षं काढली, पण मोठ्या माणसाला असं सगळ्यांसमोर माघार घेताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकला.

तरीसुद्धा सावित्रीबाईंच्या बाबतीत माझं चुकलंच.

दुसऱ्या लाटेत दवाखान्याबाहेर रांग लिंबाच्या झाडापर्यंत जायची. सावित्रीबाई आमच्या गावात पिठाची गिरणी चालवतात, साखरेचा आजार जुना. ताप होता, ऑक्सिजन चांगला होता. मी त्यांना स्टिरॉइड लिहून दिलं. सगळेच देत होते. चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा मोटारसायकलीवर त्यांना मधे बसवून, मागं बायकोला धरायला बसवून घेऊन आला. साखर पाचशेच्या वर, बोलण्याचं भान नाही. गाडी बोलावली आणि त्यांच्या पायाशी बसून मी नांदेडपर्यंत गेलो. परत येताना तुमची, औषध दिलं त्याच्या तीन दिवस आधीची नोंद उघडली. तीत होतं: ऑक्सिजन नीट असेल तर स्टिरॉइड देऊ नका, नुकसान होतं, हे पक्कं.

मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावली आणि तुम्हाला फोन केला. सगळं सांगितलं.

"माझी नोंद ऐकली नव्हतीस?"

"न्हाई."

"का?"

"सात मिनिटांची होती, ताई. बाहेर माणसं उभी होती. नंतर ऐकू म्हटलं, ते राहिलं."

मला वाटलं आता रागवाल, आणि रागवावंत असंच वाटत होतं.

"स्टिरॉइडचं पाचव्या मिनिटाला होतं," तुम्ही म्हणालात. "चुकलं माझं."

मला इतका राग आला. "तुमचं कसं चुकलं? औषध मी दिलं, सही माझी हाय!"

"तू दमलेला होतास. दमलेल्या माणसापर्यंत जे पोचत नाही, ते मी पाठवलं असं कसं म्हणू?"

"मी काय लहान लेकरू हाय का, माझी चूक तुम्ही अंगावर घ्यायला?"

"ओरडू नको. बाईंची साखर किती आली ते संध्याकाळी कळव," म्हणून तुम्ही फोन ठेवलात.

दुसऱ्या दिवशीपासून तुमची नोंद दीड मिनिटाची झाली. एक सेकंद जास्त नाही. सगळ्यात गरजेचं वाक्य सगळ्यात आधी, आणि ते दोनदा. नंतर कळलं की दीड मिनिटात बसवायला तुम्ही पाच-सहा वेळा बोलून पाहायच्या, घड्याळ समोर ठेवून.

सावित्रीबाई तीन आठवड्यांनी घरी आल्या. पण आपला वाद मिटला नाही. तुम्ही निवृत्त होऊन उदगीरला जायला निघालात तेव्हा मी विष्णुपुरीला आलो होतो, पुस्तकं खोक्यात भरायला. तिथंही तेच. मी म्हणालो, "ताई, चूक अशी वाटून घेता येत नसते." तुम्ही खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणालात, "का नसते?" मी नुसता दुसरं खोकं ओढत बसलो. आजही उत्तर नाही, पण आता समोर कुणी नाही म्हणून जिंकल्यासारखं तरी वाटावं, तर तेही वाटत नाही.

आता विश्वनाथांचं.

रेणापूरच्या बाजूला त्यांचा दवाखाना. त्यांच्याकडं वीस वर्षं काम केलेला कंपाउंडर कोरोनानं गेला. दुसऱ्या दिवशी विश्वनाथांनी कुलूप लावलं आणि शेतातल्या घरात जाऊन बसले. कुणाचा फोन घेईनात. ग्रुपात कुजबुज सुरू झाली आणि मी, ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं असं मला वाटायचं, मी लिहिलं की अशा वेळी पळून जाणाऱ्यानं नावापुढचं डॉक्टर काढून टाकावं. तुम्ही तो निरोप लगेच काढायला लावलात.

"त्यांना भीती वाटली, दिगंबर. तुला वाटत न्हाई का?"

"मला वाटते, पण मी कुलूप लावलं न्हाई."

"तुला माझा अधूनमधून फोन तरी येत होता. त्यांना मी चार महिने नुसती नोंद पाठवली. बोलले न्हाई. ते माझ्याकडून राहून गेलं."

मी चिडलो. पुन्हा तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेत होता. दोन दिवस तुमच्याशी नीट बोललो नाही. तुम्ही मात्र विश्वनाथांना रोज फोन लावत होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी उचललाच नाही. मग बायकोनं उचलला. मग ते स्वतः आले फोनवर. तुम्ही काय बोलायच्या ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी, तुमच्या समाधीशी उभं राहून, त्यांनीच सांगितलं.

"या बाईंनी मला रोज फोन केला," ते म्हणाले. "माझ्या कंपाउंडरबद्दल विचारायच्या. तो कसा होता, काय खायचा, इंजेक्शन देताना लेकरांना कसा हसवायचा. मी बोलत राहायचो, रडायचो. एकदाही म्हणाल्या न्हाईत की दवाखाना उघडा. मग एक दिवस मीच विचारलं, ताई, आज काय आलंय? दुसऱ्या दिवशी अंगणात टेबल टाकून बसलो."

एवढं बोलून ते बाजूला झाले. त्यांच्याजवळ जाऊन मी माझ्या त्या निरोपाची माफी मागितली. इतक्या वर्षांनी. ते म्हणाले, "मी तो वाचलाच नव्हता हो, डॉक्टर." तुम्ही तो किती लवकर काढायला लावला होतात, ताई.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली, ती ही. सावित्रीबाईंनंतर महिनाभरात माझी बायको आजारी पडली. ताप उतरेना. तिचे भाऊ हैदराबादहून फोन करून मागं लागले, स्टिरॉइड सुरू करा, तुम्ही डॉक्टर असून बघत बसलात. माझाही हात सारखा औषधाकडं जायचा. ऑक्सिजन चांगला होता. दीड मिनिटाच्या पहिल्या नोंदीतलं तुमचं पहिलं वाक्य, ऑक्सिजन नीट असेल तर स्टिरॉइड नको, दोनदा म्हटलेलं, माझ्या कानात होतं. मी थांबलो. दर दोन तासांनी बोटाला यंत्र लावत राहिलो. सातव्या दिवशी ताप गेला, तिनं वरण-भात मागितला. मला तुम्हाला फोन करून हे सांगायचं होतं. पण सांगायला गेलो असतो तर रडू आलं असतं, आणि तुमच्यासमोर तसं व्हायला नको होतं. मग पुढं ढकलत गेलो. मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाल्यावर तुम्ही फोनवर कमी बोलायला लागलात, आणि मला वाटत राहिलं, एकदा उदगीरला जाऊन निवांत सांगू.

समाधीवरून परत आल्यावर मला एवढं कळलं की सांगायचं ते सांगून टाकायला हवं. परवा सकाळी गिरणीत गेलो. सावित्रीबाईंनी पट्टा थांबवला, डोक्यावरच्या पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं.

"काय डॉक्टर, दळण घेऊन आलाव का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. की त्यांची साखर माझ्या औषधानं वाढली होती, ते औषध द्यायचं नाही हे मला तीन दिवस आधी सांगितलं गेलं होतं, मी ऐकलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "मला वाटलंच व्हतं. नांदेडला एक डॉक्टर दुसऱ्याला सांगून राहिला व्हता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही माझ्या पायाशी बसून आलता की नांदेडपर्यंत. तोंड बघवत नव्हतं तुमचं." आणि पट्टा चढवायला वळता वळता म्हणाल्या, "पण आता कुणाला औषध देताना विचारून देत जा बरं का. लई हाल झाले माझे."

हे त्यांनी म्हटलं म्हणून मी तिथून ताठ मानेनं बाहेर पडू शकलो. नुसतं माफ केलं असतं तर जमलं नसतं.

आणि ताई, काल दुपारी आफरीनचा फोन आला. तुम्ही तिला ओळखत नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या सरकारी आरोग्य केंद्रात गेल्या वर्षी डॉक्टर म्हणून आली, परभणीची, लहान अंगाची, भराभर बोलणारी.

"सर, पाऊस उघडल्यापासून तापाचे लई पेशंट येऊन राहिलेत. प्लेटलेट कमी, पण डेंग्यू निगेटिव्ह. दोघांच्या काखेत काळा डाग दिसला. मला काही कळून नाही राहिलं. कुणाला विचारू?"

माझ्याकडंही तसे तीन आले होते. मी त्यांना डेंग्यूच समजून बसलो होतो, काख उघडून बघितलीच नव्हती.

"काय काय माहीत नाही ते सांग," मी म्हणालो. "लिहून घेतो."

आम्ही दोघांनी वाचायचं वाटून घेतलं. नांदेडच्या दोन डॉक्टरांना विचारलं. किड्याच्या चाव्यानं येणाऱ्या तापाचा संशय होता, त्यावर साधं औषध आहे, पण वेळेत द्यावं लागतं. संध्याकाळी ती माझ्या दवाखान्यात आली तेव्हा मी म्हणालो, आपला जुना ग्रुप आहे, त्यावर तूच बोल. ती घाबरली. "मी लई जुनियर आहे, सर. मोठे डॉक्टर काय म्हणतील?" मी म्हणालो, ते ग्रंथालयातल्या बाईंचं ऐकायचे, तुझंही ऐकतील. तिनं चारदा बोलून पाहिलं, पाचव्यांदा पाठवलं. काखा, जांघा, कानामागं बघा, हे तिनं सगळ्यात आधी सांगितलं.

तासाभरात उत्तरं यायला लागली. बिलोलीतून दोन. विश्वनाथांचं एक, त्यांच्याकडंही एक पेशंट होता, आता पुन्हा तपासतो म्हणाले. मग एका अनोळखी नंबरवरून मला फोन आला. मांजरेच्या पलीकडून, श्रीनिवास नावाचा कुणी डॉक्टर. त्याच्याकडं तीच नोंद कुणीतरी पुढं पाठवली होती. त्याच्या गावातही ताप होता, दोन लेकरं सीरियस होती, आणि आमच्यापैकी कुणी त्याला ओळखत नव्हतं.

"सर, मला पण ग्रुपात घ्या ना," तो तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाला. "पण मराठी चदवलेनू. वाचता येत नाही. ऐकलं की समजतं फक्त."

मी फोन आफरीनकडं दिला.

"ऐकलं की समजतं ना, सर?" ती म्हणाली. "मग झालं तर. आधी त्या लेकरांचं सांगा."